आवाज मागे ठेवणारा माणूस

१९७० साली अमेरिकेतल्या रेडिओ केंद्रांवरून गिटारवादक एरिक क्लॅप्टनच्या आवाजातलं 'आफ्टर मिडनाइट' वाजू लागलं. ज्याने ते गाणं लिहिलं होतं, तो जे. जे. केल तेव्हा तिशी ओलांडून ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सा शहरात परतला होता. लॉस एंजेलिसमध्ये काढलेल्या वर्षांनी त्याच्या पदरात फारसं काही टाकलं नव्हतं. याच गाण्याची त्याने स्वतः गाऊन १९६६ साली काढलेली तबकडी कुणी विचारलीही नव्हती. क्लॅप्टनने आपलं गाणं घेतलं आहे हे त्याला समजलं तेही रेडिओवरूनच. त्यानंतर चार दशकं केल गाणी लिहीत राहिला आणि ती इतरांच्या तोंडी गाजत राहिली. लिनर्ड स्किनर्ड या बँडने १९७४ साली 'कॉल मी द ब्रीझ' घेतलं, क्लॅप्टनने १९७७ साली 'कोकेन' घेतलं. वेलन जेनिंग्ज, सँटाना, जॉनी कॅश यांनीही त्याची गाणी गायली-वाजवली. रॉक, कंट्री, ब्लूज अशा एकमेकांपासून लांब असलेल्या घरांत ही गाणी आपलीच म्हणून नांदली. त्यांचा कर्ता मात्र बाजारात निघाला तर कुणी मान वळवून पाहणार नाही इतका अपरिचित राहिला. २६ जुलै २०१३ रोजी, वयाच्या ७४व्या वर्षी, कॅलिफोर्नियात हृदयविकाराने त्याचं निधन झालं.

हे आयुष्य सहसा दोन तऱ्हांनी सांगितलं जातं. पहिल्या तऱ्हेत केल हा हुकलेला तारा असतो: गुणवान, पण जगाने न्याय न दिलेला. दुसऱ्या तऱ्हेत तो प्रसिद्धीकडे पाठ फिरवणारा विरक्त साधुपुरुष असतो. पहिली मांडणी कीव करते, दुसरी नमस्कार करते, आणि त्याच्या संगीताकडे दोघींचंही लक्ष जात नाही. माझं म्हणणं असं की, केलचं मागे राहणं हा त्याच्या कारागिरीचाच भाग होता. गाण्यात गाणाऱ्याचा आवाज कुठे ठेवायचा, हा जो निर्णय त्याने ध्वनिमुद्रणाच्या खोलीत घेतला, तोच त्याने आयुष्यातही घेतला. हा निर्णय चार दशकं टिकला, कारण गाणं रचणाऱ्याच्या हक्काचे पैसे त्याच्यापर्यंत पोहोचत होते. त्याच्या साधेपणाचं कौतुक करताना ही दुसरी बाजू सोडून दिली, तर आपण एका माणसाची पूजा करू आणि त्याच्या आयुष्यातला सर्वांच्या उपयोगाचा धडा गमावू.

सुरुवात मातीपासून करायला हवी. जॉन वेल्डन केलचा जन्म ५ डिसेंबर १९३८ रोजी ओक्लाहोमा सिटीत झाला आणि तो वाढला टल्सात. तेल सापडल्यामुळे वाढलेलं हे शहर अमेरिकेच्या नकाशावर अशा जागी आहे, की दक्षिणेकडचा ब्लूज, पश्चिमेकडचं गुराख्यांचं संगीत आणि शहरी जाझ यांची तिथे गाठ पडावी. ती पडलीही. टल्सातल्या केन्स बॉलरूममधून बॉब विल्स आणि त्याचे टेक्सस प्लेबॉइज १९३०च्या दशकात रेडिओवर वाजवू लागले. फिडल आणि स्टील गिटार कंट्रीची, ठेका जाझचा, गाण्याचा साचा बऱ्याचदा ब्लूजचा, असं ते वेस्टर्न स्विंग. हे नाचाचं संगीत होतं. नाचघरात लोक मंचाकडे टक लावून उभे राहत नाहीत, त्यांचे डोळे आपल्या जोडीदारावर असतात. वाजवणाऱ्याचं काम लय न सांडता रात्रभर चालू ठेवण्याचं. केलच्या पिढीला टल्सात हे संस्कार मिळाले. लिऑन रसेल, कार्ल रॅडल, जिम केल्टनर ही टल्साशी नातं असलेली नावं पाहिली, तर त्यांतला जवळजवळ प्रत्येकजण आधी उत्तम साथीदार म्हणून ओळखला गेला. पुढे 'टल्सा साउंड' म्हणून ज्याचं नाव झालं, तो ठेका किंचित मागे रेलणारा, न धापा टाकता चालणारा आहे. केलच्या संगीतात ब्लूज आणि कंट्री यांच्यामधला सांधा दिसत नाही याचं कारण हेच. दोन परके प्रकार जोडण्याची खटपट त्याला करावी लागली नाही. त्याच्या गावात ते आधीपासून एका मंचावर होते.

यावर लॉस एंजेलिसने दुसरा संस्कार केला. १९६४ साली तिथे गेलेला केल ध्वनिमुद्रणाचं तांत्रिक काम करून पोट भरत होता. व्हिस्की ए गो गो या क्लबमध्ये तो वाजवायचा, आणि न्यूयॉर्कमधल्या जॉन केल या दुसऱ्या संगीतकाराशी नावाचा गोंधळ नको म्हणून 'जे. जे.' हे नावही त्याला त्या क्लबच्या एका मालकाने दिलं. लोकांनी ज्या नावाने त्याला ओळखलं, तेही असं दुसऱ्याने सोयीसाठी ठेवलेलं. तांत्रिक कामाचा परिणाम मात्र खोल झाला. गायक काचेपलीकडे उभा असतो. काचेअलीकडे बसणाऱ्याला त्याचा आवाज इतर वाद्यांसारखाच एक पट्टा म्हणून दिसतो, जो वरखाली करता येतो. लोकप्रिय संगीतात हा पट्टा सर्वांत वर ठेवण्याची रीत आहे. केलने तो खाली आणला. १९७१च्या 'नॅचरली' या पहिल्या आल्बममधलं 'कॉल मी द ब्रीझ' ऐका. आधी ड्रम मशीनची एकसुरी टिकटिक सुरू होते, तिच्यावर गिटारचा सरकता तुकडा बसतो, आणि मग आवाज येतो तो जणू शेजारच्या खोलीतून. रचना बारा मात्राखंडांच्या जुन्या ब्लूजची, धाव कंट्रीतल्या आगगाडीच्या तालाची. शब्द नीट कळावेत म्हणून कान पुढे करावे लागतात, आणि कान पुढे केले की लक्षात येतं: गिटार, ठेका आणि गळा एकाच पातळीवर एकमेकांशी बोलत आहेत, कुणी कुणाचा मालक नाही.

'आवाज खाली ठेवला, कारण त्याला गाता येत नव्हतं,' असं म्हणणं सोपं आहे. त्याचा गळा मोठा नव्हता, आणि तो स्वतःही तसा दावा करत नसे. पण मर्यादा लपवायची असती तर रस्ते पुष्कळ होते: भरघोस वाद्यवृंद, कोरस, प्रतिध्वनी. त्याने उलट केलं. आपल्याच कुजबुजत्या आवाजाचे थर एकमेकांवर मुद्रित करून एक दाट, ऊबदार पोत तयार केला. ड्रम मशीनही सुरुवातीला सोय होती, ड्रम वाजवणारा परवडत नसेल तेव्हाची. गाजलेल्या तबकड्यांवर तिचा वापर तेव्हा नुकता कुठे होऊ लागला होता. केलने त्या सोयीतली न डगमगणारी लय ओळखली आणि तिच्यावर माणसाच्या हाताची सैल गिटार ठेवली. त्या दोहोंमधल्या ताणातून त्याच्या गाण्यांची चाल घडते. त्याची अनेक वर्षं साथ करणारी गिटार हीसुद्धा याच वृत्तीची साक्ष आहे. हार्मनी कंपनीची ती स्वस्तातली साधी गिटार. केलने तिची मागची लाकडी पाठ काढून टाकली, आत पिकअप बसवले, तारा जोडल्या. समोरून ती जुनी लाकडी गिटार दिसते, मागून उघड्या यंत्रासारखी. दिखाव्याची बाजू तशीच ठेवायची आणि काम जिथे चालतं तिथे हात घालायचा, हा तिच्या मालकाचा स्वभावच त्या उघड्या पाठीत दिसतो.

या कारागिरीचं वजन किती, याचा पुरावा 'आफ्टर मिडनाइट'च्या प्रवासात सापडतो. केलचं १९६६चं ध्वनिमुद्रण द्रुत लयीत होतं. क्लॅप्टनने १९७० साली तीच द्रुत चाल उचलली आणि गाजवली. त्यानंतर निर्माता ऑडी अ‍ॅशवर्थच्या आग्रहाने केलने आल्बम करायला घेतला, तेव्हा त्याने हेच गाणं पुन्हा गायलं, पण लय निम्म्यावर आणल्यासारखी संथ. गाजलेल्या रूपाशी स्पर्धा केली नाही. गाण्याच्या पोटात दडलेला दुसरा स्वभाव बाहेर काढला. द्रुत लयीत जे रात्रीचं धुंद आमंत्रण होतं, ते संथ लयीत मध्यरात्रीची वाट पाहणाऱ्या माणसाचं सावकाश बोलणं झालं. १९८०च्या दशकात क्लॅप्टनने एका बिअरच्या जाहिरातीसाठी हे गाणं पुन्हा मुद्रित केलं, तेव्हा त्याने संथ लय निवडली. ज्याच्यामुळे गाणं जगाला कळलं, तोच शेवटी मूळ कर्त्याच्या चालीवर आला. क्लॅप्टनचं १९७४ नंतरचं एकूण वादनही पाहावं. 'क्रीम' या त्याच्या आधीच्या बँडच्या काळातला तो गडगडाट आणि लांबच लांब एकल वादन मागे पडून त्याच्या गाण्यात मोकळी जागा आली, आणि त्या जागेत केलचा श्वास ऐकू येतो. मार्क नॉफ्लरच्या पुटपुटत्या गायकीत आणि बोटांनी छेडलेल्या गिटारमध्येही तो आहे. असा प्रभाव मंचावर चमकून पडत नाही. तो एका वादकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जातो.

पहिला आक्षेप इथे उभा राहतो, आणि तो हलका नाही. केलला संधी मिळाली होती, त्याने ती दवडली, आणि त्यालाच आपण तत्त्व म्हणतो आहोत, असं कुणी म्हणेल. १९७२ साली 'क्रेझी मामा' हे त्याचं गाणं बिलबोर्डच्या यादीत २२व्या क्रमांकापर्यंत चढलं. स्वतःच्या आवाजात त्याला मिळालेलं सर्वांत मोठं यश ते. तेव्हा डिक क्लार्कच्या 'अमेरिकन बँडस्टँड' या दूरचित्रवाणी कार्यक्रमाचं बोलावणं आलं. अट अशी, की साथीदार आणायचे नाहीत आणि वाजत्या तबकडीवर नुसते ओठ हलवायचे. केल गेला नाही, आणि गाणं त्यापुढे चढलं नाही. हा भित्रेपणा, आळस किंवा व्यवहारशून्यता होती का? नकार कशाला होता ते पाहिलं की उत्तर मिळतं. जो माणूस गळा हे इतर वाद्यांच्या बरोबरीचं एक वाद्य मानतो, त्याला वाद्यं बाहेर ठेवून फक्त चेहरा आत पाठवायला सांगितलं होतं. त्याच्या संगीताची मूळ रीतच उलटी केल्याशिवाय ही अट पाळता येत नव्हती. आळसाचा आरोप त्याचं काम पाहिलं की गळून पडतो. १९७१ ते १९८३ या काळात त्याने आठ आल्बम केले. नंतर काही वर्षं तो थांबला, कॅलिफोर्नियात ट्रेलरमध्ये राहिला, आणि १९९०च्या सुमारास पुन्हा नवी गाणी घेऊन आला. हयातीतला शेवटचा आल्बम २००९ साली, सत्तरीत. 'नॅचरली'च्या मुखपृष्ठावर त्याचं छायाचित्र नाही. कोट घातलेल्या रॅकूनचं चित्र आहे. ज्याला दिसायची घाई नव्हती, त्याला काम करायचा कंटाळा नव्हता.

तरीही नुसत्या वृत्तीवर चार दशकं निघत नाहीत. वृत्तीला भाडं भरता येत नाही. म्हणून पैशाचा रस्ता समजून घेणं भाग आहे. अमेरिकेच्या १९०९च्या कॉपीराइट कायद्याने एक व्यवस्था आणली. एखादं गाणं एकदा रचनाकाराच्या संमतीने मुद्रित होऊन बाजारात आलं, की दुसरा कुणीही ते मुद्रित करू शकतो, मात्र प्रत्येक प्रतीमागे ठरलेली रक्कम रचनेच्या हक्कदाराला द्यावी लागते. ही रक्कम कित्येक दशकं दोन सेंट होती, १९७८ पासून पावणेतीन सेंट झाली. एका तबकडीमागे ती क्षुल्लक दिसते. ज्यात 'कोकेन' आहे त्या क्लॅप्टनच्या 'स्लोहँड'सारख्या आल्बमच्या लाखो प्रती खपल्या, की प्रकाशकाचा वाटा वजा जाऊनही तीच रक्कम माणसाचं घर चालवते. दुसरी गोष्ट याहून बोलकी आहे. अमेरिकेत साध्या रेडिओवर गाणं वाजलं, तर त्याचे पैसे रचनाकाराला आणि प्रकाशकाला मिळतात, गाणाऱ्याला मिळत नाहीत. म्हणजे 'कोकेन' रेडिओवर जितक्यांदा वाजलं, तितक्यांदा लोकांनी क्लॅप्टनचं नाव ऐकलं आणि प्रक्षेपणाच्या रॉयल्टीतला वाटा केलकडे गेला. प्रसिद्धी आणि मोबदला यांची कायद्याने अशी फाळणी केली होती, आणि केलचं सगळं आयुष्य त्या फाळणीच्या रेषेवर उभं आहे. त्याला दौरे करून स्वतःला विकावं लागलं नाही. हवं तेव्हा घरी बसून, एकेक पट्टा मुद्रित करत, तो आपल्या पद्धतीने काम करू शकला.

हे मान्य केलं की दुसरा आक्षेप आपोआप समोर येतो, आणि तो न्यायाचा आहे. ज्या ब्लूजवर केल उभा आहे, तो ज्यांनी निर्माण केला त्यांना ही शांतता मिळाली का? आर्थर 'बिग बॉय' क्रूडप या मिसिसिपीच्या कृष्णवर्णीय गायकाने 'दॅट्स ऑल राइट' हे गाणं १९४६ साली मुद्रित केलं. १९५४ साली एल्व्हिस प्रेस्लीच्या कारकिर्दीची सुरुवात याच गाण्याने झाली. क्रूडपला मात्र त्याच्या रॉयल्टीचा मोठा भाग हयातभर मिळाला नाही. ध्वनिमुद्रण सोडून त्याला मजुरी करावी लागली, आणि १९७४ साली तो वारला. गाणं रचणारा तोही, इतरांनी गाजवलं तेही, आणि कायदाही तोच. फरक इतकाच, की हक्काची कागदपत्रं कुणाच्या हातात होती आणि कुणाची दाद लागत होती. केलच्या स्वतःच्या गावाचा इतिहासही विसरता येत नाही. टल्सातली ग्रीनवूड ही कृष्णवर्णीयांची भरभराटीला आलेली वस्ती १९२१ साली गोऱ्या जमावाने दोन दिवसांत जाळून उद्ध्वस्त केली. त्याच शहरात पुढे दोन्ही समाजांचं संगीत एकमेकांत मिसळलं, पण त्या मिसळण्याचं फळ दोघांना सारखं मिळालं नाही.

या आक्षेपाला माझ्याकडे प्रत्युत्तर नाही, आणि ते शोधूही नये. तो पूर्ण खरा आहे. पण त्याने माझा मुद्दा कमकुवत होत नाही. क्रूडपचं आयुष्य केलच्या आयुष्यावरचा डाग म्हणून पाहिलं, तर आपण पुन्हा व्यक्तींच्या चारित्र्याचा निवाडा करत बसू. दोन्ही आयुष्यं शेजारी ठेवली, की वेगळं काही दिसतं. रचनाकाराच्या हक्काचा पैसा पोहोचला, तर अप्रसिद्ध राहणं ही निवड असते. तो वाटेत अडला, तर तेच अप्रसिद्ध राहणं ही शिक्षा होते. केलला जे मिळालं ते त्याला मिळायला नको होतं, असं म्हणून न्याय होत नाही. ते क्रूडपलाही मिळायला हवं होतं. भारतातही हा प्रश्न परका नाही. चित्रपटगीतांचे हक्क निर्मात्याकडे जाण्याची आपल्याकडे रीत होती. २०१२च्या कॉपीराइट कायद्यातल्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा त्यांच्यापासून सहजासहजी काढून घेता येणार नाही, अशी तरतूद झाली. पडद्यामागच्या माणसाला पडद्यामागे ताठ मानेने राहता यावं, यासाठी कौतुकाच्या शब्दांपेक्षा अशी तरतूद जास्त कामाची असते.

आणखी एक आक्षेप संगीताच्या आतून येतो. ब्लूज ही भोगलेल्या माणसाची वाणी आहे. मडी वॉटर्स किंवा बी. बी. किंग यांचा आवाज पुढे असतो, कारण त्या आवाजामागे एक आयुष्य साक्षीला उभं असतं. तो आवाज मागे ढकलून केलने ब्लूजचा प्राणच मंद केला नाही का? या म्हणण्यात तथ्य आहे. मडी वॉटर्सच्या गाण्यात जी आग आहे, ती केलच्या गाण्यात नाही. पण ब्लूजला एकच परंपरा नाही. कामाच्या ठिकाणी, नाचाच्या रात्री, ओसरीवर बसून वाजवताना तो सामूहिक वापराचं संगीतही होता. त्यातल्या ओळी आणि चाली गावोगाव फिरत, ज्याला हव्या त्याने घ्याव्यात, बदलाव्यात, पुढे द्याव्यात. एका माणसाच्या दुःखाची साक्ष आणि सगळ्यांच्या वापरातली चाल, या दोन्ही गोष्टी ब्लूजमध्ये पहिल्यापासून आहेत. केलने दुसरी जोपासली. त्याची गाणी मुद्दाम सैल विणलेली आहेत, त्यांत दुसऱ्याला शिरायला जागा आहे. म्हणूनच लिनर्ड स्किनर्डला त्याच गाण्यात दक्षिणी रॉकचा दणका सापडला आणि जॉनी कॅशला कंट्रीची चाल. गायकाच्या चेहऱ्याचा ठसा इतका खोल उमटला असता, की ती गाणी दुसऱ्याला पेलली नसती, तर ती इतकी फिरलीच नसती.

या सगळ्याचा मेळ जिथे लागतो, ते एक ध्वनिमुद्रण आहे. क्लॅप्टनला आपल्या एका आल्बमचा निर्माता म्हणून केल हवा होता. काम पुढे गेलं तसा तो दोघांचा आल्बम झाला. २००६ साली 'द रोड टू एस्कॉन्डिडो' या नावाने तो आला आणि त्याला समकालीन ब्लूजसाठीचा ग्रॅमी मिळाला. ज्याची गाणी गाऊन एक माणूस जगभर ओळखला गेला आणि ज्याने ती लिहिली, ते दोघे तिथे शेजारी बसून गातात. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला बऱ्याच ओळींवर कुणाचा आवाज कुठे संपतो आणि कुणाचा सुरू होतो, हे चटकन ओळखता येत नाही. दोघेही तसेच मागे रेलून गातात, दोघेही शब्द सोडून देतात, दोघेही गिटारला वाट देतात. ही रीत दोघांपैकी मूळची कुणाची, हे आता आपल्याला ठाऊक आहे. केल कुणासारखा गायला गेला नव्हता. छत्तीस वर्षांत तो आवाज जिथल्या तिथे राहिला, आणि जगातला एक मोठा गिटारवादक पावलापावलाने त्याच्याजवळ येऊन बसला.